मालतीच्या बाप्तिस्म्याचं मतदान

१ फेब्रुवारी, रविवार

आज प्रभुभोजन. ताट आमच्या रांगेत आलं. मी भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरस घेतला आणि ताट मालतीच्या मांडीवरून पलीकडे दिलं. तिचा हात थोडा उचलला गेला होता. मी पाहिलं. तरी दिलं.

नियम साधा आहे. स्वतःच्या विश्वासानं, अंगभर पाण्यात बुडून ज्याचा बाप्तिस्मा झाला तो आमच्या मंडळीचा सभासद. प्रभुभोजन सभासदालाच. मालती माझी थोरली बहीण, वय त्रेसष्ट. तान्ही असताना दुसऱ्या मंडळीत तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलेलं. ते आम्ही धरत नाही. मंडळीची सेक्रेटरी मी. माझ्याच बहिणीला सूट कशी देणार?

घरी आल्यावर तिनं वहीत लिहिलं, "माझ्यावरून ताट नेताना तुझा हात जरासुद्धा हलला नाही."

मी म्हटलं, ताई, वरण पातळ करू का अजून?

(इथून पुढे मा. एवढंच लिहीन. बोटं दुखतात.)

३ फेब्रुवारी, मंगळ

मा.ला इंदूरहून आणून तीन महिने झाले. गळ्याचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याच्या खालच्या खळग्यात एक भोक, श्वास तेवढ्यातूनच. नाक-तोंड नावाला. बोलणं संपलं. वही नाहीतर पाटी. खोकला आला की भोकातून बेडके येतात, मग रुमाल, मग तो रुमाल मी उकळते.

भावजी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सुरतेला. फोनवर म्हणाला, "मौसी, अब आप ही रख लो. हमारे यहां एक ही कमरा है." रख लो. जुना कूलर असल्यासारखं.

हिचं गाणं ऐकायला खंडव्यापासून भुसावळपर्यंतच्या मंडळ्या नाताळात हिला बोलवायच्या. मी मागच्या बाकावर बसून हिची शाल सांभाळायची. डॉक्टरांनी इंदूरला सांगितलं की आवाज राहणार नाही, तेव्हा मी खोलीबाहेर उभी होते. पहिला विचार जो आला तो लिहून ठेवते. आता दोघी सारख्या.

दुसरा विचार रडण्याचा होता. पण दुसरा.

५ फेब्रुवारी, गुरु

पास्टर प्रकाश घरी आले. मा.नं त्यांच्या हातात अर्ज दिला. मला दाखवलासुद्धा नव्हता.

"तान्ही असताना मला कोणी विचारलं नाही. आता मी स्वतः विचारते आहे. मला बाप्तिस्मा द्या."

पास्टर बत्तीस वर्षांचे, लगेच रडतात. रडले. मग डोळे पुसून माझ्याकडे बघायला लागले, कारण आमच्याकडे व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली टाकं आहे, आणि त्या टाक्यात माणसाला मागे कलवून पूर्ण बुडवतात. मा.ला बुडवायचं कसं?

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. म्हणाले, "छातीपर्यंत चालेल. वर नाही. त्या भोकात कपभर पाणी गेलं तर बाई कोरड्या जमिनीवर बुडून मरेल."

पास्टरांनी तोडगा काढला. टाक्यात कमरेपर्यंत उभं करू आणि डोक्यावरून घागर ओतू. अपवाद म्हणून.

संध्याकाळी हे बाबूरावांना सांगितलं; ते डीकन, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. रेल्वेतून रिटायर झालेले, मंडळीतले सगळ्यात जुने. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "घागर ओतली म्हणजे शिंपडणंच झालं. बाई, मग आपण वेगळे कशासाठी आहोत?"



अपवाद करायचा तर सभासदांची सभा. बावीस तारखेला.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर डीकनांसमोर मा.ची साक्ष. प्रत्येक उमेदवाराची होते. विश्वास कसा धरला ते आपल्या तोंडानं सांगायचं.

बाबूराव म्हणाले, तोंडानं म्हणजे तोंडानं. पास्टर म्हणाले, त्यांनी लिहिलेलं मी वाचतो. बाबूराव म्हणाले, "दुसऱ्यानं वाचलेली साक्ष ती दुसऱ्याची. त्यात तिचं काय राहिलं?"

मा.नं पाटी घेतली. भराभर लिहिलं आणि पाटी त्यांच्या तोंडासमोर धरली. बाबूरावांचा चष्मा घरी राहिलेला. मला म्हणाले, बाई, वाचा.

पाटीवर होतं: "माझा विश्वास आहे. बाबूराव, तुमची मेरी गेली तेव्हा तिच्या शवपेटीजवळ मी गायले होते आणि तुम्ही माझे पाय धरले होते. तेव्हा माझा आवाज देवाचा आहे म्हणालात."

मी वाचलं, "माझा विश्वास आहे."

आणि पाटी खाली ठेवली.

मा. मुकी आहे, बहिरी नाही. रिक्षात सगळा वेळ ती बाहेर बघत होती. मी तिला सांगितलं, भर सभेत त्यांच्या मेलेल्या लेकीचं नाव कशाला, माणूस दुखावला असता. हे खरंच आहे. पण मी त्यासाठी गाळलं नाही. तिनं एका वाक्यात बाबूरावांना जिंकलं असतं. तिला तसं जिंकताना मी लहानपणापासून पाहत आले आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. शनवाऱ्याच्या चौकापासून रस्ता भरलेला, तापीच्या घाटाकडे जाणारी गर्दी. रिक्षा अर्धा तास जागची हलली नाही. सोबत आमच्या मंडळीतली, निंबोला गावची रखमा होती. ती दर रविवारी केळीच्या गाडीतून येते आणि जाताना आमच्यासोबत शनवाऱ्यापर्यंत.

मा. झोपली असं वाटून रखमा बोलली. "बाई, माले कोनी सूट दिन्ही का? थंडीत नदीत बुडवलं, पोहता येत नव्हतं, जीव घाबरला होता. घरी गेले तं सासऱ्यानं भांडी अंगणात फेकली. नवरा आजबी माझ्या हातचं पाणी पीत नाही. आनि ह्यायले घागर?"

 तिनं मोल दिलंय. ती कठोर आहे, पण तिचा कठोरपणा फुकटचा नाही. माझा?

माझा बाप्तिस्मा तापीतच झाला, चोविसाव्या वर्षी. घरातलं पाणी-शिंपडणं सोडून मी इकडे आले. घरचं कोणी आलं नाही. मा.नं निरोप धाडला होता, तो मला पाठ आहे: "विमलला कोणी मागणी घालत नाही म्हणून पाण्यात उड्या मारते." गावभर झालं. मागणी नंतरही कोणी घातली नाही.

मा. झोपलेली नव्हती. घरी येऊन लिहिलं, "रखमा बरोबर बोलते." खाली लिहिलं, "तरी मला हवं आहे."

का हवं, विचारलं. लिहिलं, "मरताना मी कुणाची पाहुणी नको."

२२ फेब्रुवारी, रविवार

सभा.

मा.ला बाहेर बसवलं, कडुनिंबाखाली, कारण ती सभासद नाही. खिडकी उघडी होती.

पास्टरांनी प्रस्ताव मांडला. म्हणाले, बुडवणं ही खूण आहे, खुणेसाठी माणूस मारायचा नसतो. चांगलं बोलले. बाबूराव उठले आणि म्हणाले की देवाचं वचन हाच आपला एकमेव अधिकार, डॉक्टर नाही. आज घागर, उद्या लोटा, परवा तान्ह्या मुलांना आणतील. कुणीतरी मागून म्हटलं, विश्वास असेल तर पाणी आत जाणार नाही, बुडवून तर बघू. दोघं-तिघं हसले. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते. ते हसणं लिहिलं नाही.

रखमा उठली आणि परत बसली.

मग चिठ्ठ्या. होय किंवा नाही. एक सभासद, एक मत. पास्टरांचं मतही एकच. चिठ्ठ्या मीच गोळा केल्या, मीच मोजल्या, मीच वाचून दाखवल्या.

होय चौदा. नाही एकोणीस.

माझी चिठ्ठी 'नाही'ची.

माझ्या एका मतानं निकाल बदलला नसता. हे वाक्य मी इथे दोनदा लिहून खोडलं. निकाल मला आधी कुठे माहीत होता.

२३ फेब्रुवारी, सोम

मा.ला सांगायची गरज नव्हती, खिडकीतून ऐकलंच तिनं. तरी पास्टर सकाळी आले. तिनं विचारलं, "वर कोणाकडे जाता येईल?"

पास्टर म्हणाले, "वर कोणी नाही, मौसी. आपल्यात बिशप नाही, बोर्ड नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. सभासदांनी ठरवलं की झालं."

हे ते नेहमी अभिमानानं सांगतात. आज जमिनीकडे बघून सांगितलं.

मा.साठी रव्या-तुपाचा गोड दराबा आणला होता त्यांनी. मऊ म्हणून गिळता येतो. तिनं डबा झाकण न उघडता परत त्यांच्या पिशवीत घातला.

२५ फेब्रुवारी, बुध

सकाळी माझ्या ताटलीत पोळीऐवजी एक चिठ्ठी.

सभेच्या चिठ्ठ्या वर्षभर जपायच्या असतात, म्हणून माझ्या पर्समध्ये होत्या. तिनं त्या सगळ्या काढून पाहिल्या. मला अक्षरं गिरवायला तिनंच शिकवली. माझ्या ह-ची शेपटी उलटी वळते, ती तेव्हापासून वळते. तिनं किती पट्ट्या मारल्या तरी सुटली नाही.

ती समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. मी चिठ्ठी उचलली, घडी केली.

म्हटलं, "नियम आहे, ताई."

तिनं मान हलवली. मग पाटीवर, "नियमासाठी दिलंस?"

मी चहा ठेवायला उठले. ती मागून आली, पाटी माझ्या आणि गॅसच्या मध्ये धरली. "माझा आवाज गेला तेव्हा तुला बरं वाटलं. मी तुझं तोंड पाहिलं होतं इंदूरला, दाराच्या काचेतून."

मी हो म्हटलं.

इतक्या वर्षांत तिच्याशी एवढं खरं कधी बोलले नव्हते. काही हलकं वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं. दिवसभर दोघी आपापल्या खोलीत. दुपारचं औषध तिनं स्वतः घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्र

पास्टरांनी महिन्यापूर्वी काम दिलं होतं, नव्या लोकांसाठी छोटी पुस्तिका: आपला विश्वास काय, कारभार कसा. कच्ची पानं टेबलावर होती. मा. ती वाचत बसलेली. एका कलमाखाली तिनं पेन्सिलनं रेघ मारली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

माझंच वाक्य. प्रत्येक विश्वासणारा देवापुढे याजक आहे, त्याला मध्ये कुणी लागत नाही.

समासात लिहिलं होतं, "म्हणजे तूसुद्धा. तू दे मला बाप्तिस्मा. नदीत. पूर्ण बुडवून. घागर नको."

मी म्हटलं, मंडळी धरणार नाही. लिहिलं, "मंडळीला नाही विचारलं." मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना. लिहिलं, "तळहातानं भोक घट्ट दाबायचं. दोन क्षण. मी न्हाणीत करून पाहिलंय."

मी म्हटलं, पास्टरांना सांग. लिहिलं, "तो रडेल. तुला रडू येत नाही."

तरी पास्टरांना फोन केला.  म्हणाले, "विमलबाई, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजतो." आणि फोन ठेवला.

मी मा.ला विचारलं, माझ्याकडूनच का? मी नाही म्हणून मत दिलं. तिनं मग लिहिलं, "म्हणूनच."

पुढे काही लिहिणार होती, पण वही मिटली.

२८ फेब्रुवारी, शनि

सकाळी लोधीपुऱ्याच्या गल्लीतलं दळण आणलं, मा.चे रुमाल उकळले, दोघींचे जाड सुती कपडे काढून ठेवले. पांढरे नाहीत. पांढरे मंडळीचे असतात.

दुपारी अंगणात सराव केला. तिनंच लावला. स्टुलावर बसली, गळ्याचं कापड काढलं, माझा उजवा तळहात घेऊन त्या भोकावर ठेवला. गरम, ओलसर. आत श्वास येतो-जातो ते तळव्याला कळतं. पाटीवर लिहिलं, "दाब. मोज. पुरे झालं की हातावर थाप मारीन."

मी दाबलं. तळव्याखालचा वारा थांबला. तिचे डोळे माझ्या डोळ्यांत. एक, दोन, तीन मोठ्यानं मोजले. चारला तिची मान ताठ झाली. पाच.

सहाला तिनं माझ्या मनगटावर थाप मारली.

मी सातला हात काढला.

ती खोकली, वाकली, तोंड लाल. श्वास यायला वेळ लागला. मी पाठीवर हात फिरवला नाही. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. दोघींना माहीत होतं. सहा आणि सातमध्ये मी काय करत होते, मला अजून सांगता येणार नाही. विसरले म्हणावं तर मी मोठ्यानं मोजत होते.

मला वाटलं, आता पाटी फेकेल. तिनं कापड परत बांधलं, पाटी घेतली आणि लिहिलं, "उद्या डावा हात पाठीखाली घट्ट धर. उजवा चांगला बसतो."

संध्याकाळी शनवाऱ्याच्या स्टँडवर जाऊन पहाटेची रिक्षा सांगितली, घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी कमरेइतकं आहे तिथे. रिक्षावाला ओळखीचा. म्हणाला, "दो सवारी ना, आंटी? आना-जाना, दोनों?"

मी हो म्हटलं.