मामाची शपथ

माय, आज माजलगावच्या कोर्टात तुझ्या भावाविरुद्ध साक्ष दिली. आता घरी येऊन चहा घेतलाय, आणि कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं एवढं मोकळं वाटतंय. आधी तुलाच सांगावं म्हणून लिहायला बसले.

तो दुष्काळ तू विसरली नसशील. सिंदफणेच्या पात्रात नुसती वाळू, आणि मामानं सोसायटीचा चेअरमन म्हणून उघडलेल्या चारा छावणीत आपण दोघी बैलांपाशी मुक्कामाला. त्या छावणीमुळंच आपली बैलजोडी वाचली, हे मी आजही नाकारत नाही. पण छावणीच्या नावानं निघालेले टँकर वाटेत मामाच्या मोसंबीच्या बागेत वळायचे, तेही आपण दोघींनीच पाहिलं. इकडं जनावरं कोरड्या हौदाचा काठ चाटायची. पुढं चौकशी लागली, तेव्हा मामानं शपथेवर सांगितलं, सगळं पाणी छावणीतच उतरलं.

त्याच संध्याकाळी तो आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलाय. तू भाकरी थापतेस, मी त्याच्यापुढं ताट ठेवते. "आक्का, आदीच्या चेरमननं काय कमी खाल्लं? त्यायला कुणी इचारलं न्हाई. म्या निदान छावणी तरी उघडली," तो म्हणतो. "आन् तसली शपथ म्हंजी तोंडची वाफ. म्या काय बेल-भंडार उचललाय?" खंडोबापुढं बेल-भंडार उचलून खोटं बोलायची आपल्याकडं कुणाची छाती होत नाही, आणि मामा तर देवाला लई भिणारा. तू पिठाचे हात पुसलेस, हळदीचा डबा उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवलास. "बेल न्हाई घरात, भंडार हाय. उचल आन् म्हण, सगळं पाणी छावणीत उतरलं." मामानं ताटावरचा हात मागं घेतला. "त्यायनी खाल्लं त्ये त्यायच्या डोस्क्यावर," तू म्हणालीस. "तुला तुजं इचारलंय." तो भरल्या ताटावरून उठून गेला. तूही जेवली नाहीस.

मग तू गेलीस, खटला रखडला आणि मामा आणखी मोठा झाला. लोक म्हणतात, सगळे एकाच माळेचे मणी, मग यालाच का धरायचं? खरं सांगते, मलाही कधीकधी ते पटायचं. तू गेल्यापासून दिवाळीला मला न्यायला तोच गाडी पाठवतो. त्याचं दार बंद झालं तर माहेर म्हणून उरणार काय, या धास्तीनं समन्स आल्यापासून घास गोड लागला नाही. आज त्याच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं, आधीच्या अध्यक्षांच्या वेळीही टँकर असेच वळायचे ना? म्हटलं, "वळले असतील, साहेब. मला या टँकरचं विचारलंय." आणि पाहिलं तेवढं सांगून टाकलं.

बाहेर व्हरांड्यात मामा बाकावर बसला होता. थकलाय आता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "त्यो डबा हाय का गं अजून?" मी म्हटलं, "हाय." यंदा गाडी येईल की नाही, देव जाणे, पण आज पोटभर जेवणार आहे.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून एक लिहूनच टाकते. तू मागं बसली असतीस, भावाला पिंजऱ्यात उभा बघून तुझा पदर डोळ्यांना गेला असता, तर माझं तोंड उघडलं नसतं. तू नाहीस याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं, माय.