मागच्या खोलीची ऊब

१४ एप्रिल १९९६, रविवार

आज पनवेलला बिऱ्हाड हलवलं. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, दोन वळकट्या, एक स्टोव्ह आणि सहा वर्षांची संजना. करंजाच्या बर्फाच्या कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाला नारळ दिला आणि ही लॉगबुकाची कोरी वही दिली. म्हणाले, काशिराम, चौदा वर्षं दर दोन तासांनी तापमान लिहितोयस, लिहिलं नाहीस तर तुला जेवण पचायचं नाही. थट्टेला त्यांना कायम मीच सापडतो. पण बोलले ते खरं आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझी बायको कमळी गेली त्याला श्रावणात वर्ष होईल. तिच्यामागे पोरीला बहिणीच्या दारात टाकून पाळ्या करत राहायचं, हे मनाला पटेना. इथे एका बंगल्यातलं एसी मशीन सांभाळायची नोकरी आहे, राहायला खोली आहे आणि जूनपासून संजनाची शाळा आहे. तिला माझ्याशिवाय कोणी नाही आणि मला तिच्याशिवाय. एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

बंगला वडाळे तळ्यापासून दहा मिनिटांवर. मालकीणबाई शोभाताई पन्नाशीच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता एकट्या राहतात. आल्या आल्या त्यांनी संजनाच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली आणि तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. पोरीचा हात किती गरम आहे, असं म्हणाल्या. स्वयंपाकाला गोदूबाई येते. ती जवळच्याच गावची आहे आणि तिचं तोंड सारखं चालू असतं. संजनाची आणि तिची लगेच गट्टी जमली.

१६ एप्रिल

मशीन बघून जीव सुखावला. ताईंचा मुलगा इंद्रजीत मस्कतला असतो, त्याने तीन वर्षांपूर्वी बोटीने पाठवलं. परसात एकच मोठं यंत्र, आणि त्यावर चालणारी चार युनिटं चार खोल्यांत: हॉल, ताईंची खोली, आमची खोली आणि बंद असलेली मागची खोली. गारवाही देतं आणि ऊबही देतं. पनवेलात ऊब कोणाला हवी आहे, हे त्या मस्कतवाल्यालाच ठाऊक.

चालवायची रीत सोपी आहे. बाहेरचं यंत्र एकच, त्यामुळे एका वेळी ते एक तर गारवा देणार, नाही तर ऊब. जी खोली आधी चालू होईल तिचं ते ऐकतं. नंतरच्या खोलीने उलट काही मागितलं तर तिथला हिरवा दिवा लुकलुकत बसतो आणि वारा येत नाही. म्हणजे चारही खोल्यांचं एकमत लागतं. आमच्या कारखान्यात चार माणसांचं कधी झालं नाही.

ताईंनी मला एकच नियम घालून दिला. मागची खोली नेहमी आधी सुरू करायची, आणि ती उबेवर. दिवे गेले तर परत येताच आधी मागची खोली. तिचा रिमोट त्यांच्या कमरेला खोचलेला असतो. मी विचारलं, मग बाकीच्यांना गारवा कसा मिळणार? त्या म्हणाल्या, मिळायचा नाही, पंखे आहेत. एवढं लाखमोलाचं मशीन घरात, आणि आम्ही सगळे वर्तमानपत्राने वारा घेत बसलो आहोत. गावाला वाटतं इथे काश्मीर आहे.

२१ एप्रिल

दुपारी एक वाजता अंगणात ३८, आमच्या खोलीत ३६, मागच्या खोलीत २७.

हे आकडे मी दोनदा तपासले. एवढ्या उन्हात उबेवर लावलेलं मशीन आपोआप थांबायला हवं, कारण तीस अंशांपर्यंत तापवा एवढीच त्याला आज्ञा आहे आणि खोली तर आधीच तापलेली असायला पाहिजे. पण ते दिवसभर थांबत नाही. गरम वारा मारतं आणि तो कुठे जातो कोण जाणे. चौदा वर्षं मी गारवा तयार केला, पण न करता आलेला गारवा कधी पाहिला नाही. मापकात बिघाड असेल असं धरून चाललोय. खोलीत एक पलंग, त्यावर दोन रजया, एक शाळेचं दप्तर. ताई दुपारी तिथे तासभर बसतात.

गोदूबाईला विचारलं तर तिने भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, ताईंची पोर होती, रुचिरा. अकरा वर्षांची. दोन वर्षांमागं तापानं गेली, त्याच पलंगावर. आमी नाय जात त्या खोलीत, तुमी बी कामापुरतं जावा. मला ताईंची फार दया आली. आपलं माणूस गेलं की त्याचं अंथरूण आवरवत नाही. कमळीचं लुगडं अजून माझ्या ट्रंकेत आहे.

२ मे

आज मी नियम मोडला. लपवून काय करायचं, या वहीत खोटा आकडा मी आजवर लिहिलेला नाही.

ताई एका लग्नाला पेणला गेल्या होत्या. जाताना रिमोट माझ्या हातात देऊन नियम पुन्हा बजावला. अकराला दिवे गेले ते एक वाजून वीस मिनिटांनी आले. संजनाच्या पाठीवर घामोळं इतकं उठलंय की ती पालथी पडून मुळूमुळू रडत होती. कमळी असती तर तिने मला विचारलं असतं, घरात मशीन असून पोर का रडतेय? मी आमच्या खोलीचं युनिट आधी चालू केलं, गारव्यावर. मागच्या खोलीचं नंतर. तिथे हिरवा दिवा लुकलुकत राहिला.

पोर दहा मिनिटांत झोपली. चार वाजता मी सगळं पूर्ववत केलं. ताईंना कळायचं कारण नाही. एकच गोष्ट झाली, ती म्हणजे मागच्या खोलीचं दार मी ओढून घेतलं होतं ते किलकिलं दिसलं.

संध्याकाळी पाच वाजता मागच्या खोलीत ३७. मशीन शहाण्यासारखं आपोआप थांबलं. मापक आपलं आपणच सुधारलं म्हणायचं. आमच्या खोलीत मात्र अजून २६ आहे, युनिट बंद असून.

४ मे

संजना सांगत होती की दुपारी तिच्या पाठीशी एक ताई येऊन झोपते. येताना विचारते, मला थोडी जागा देशील का. तिचे पाय गार आहेत, पण ती चांगली आहे, केस विंचरून देते. मी हसलो. पोरीला खेळायला कोणी नाही, ती आपली कोणीतरी कल्पून घेते असं वाटलं. मग तिचे केस पाहिले. दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या. गोदूबाई दोन दिवस आलेली नाही. मला वेणी घालता येत नाही.

आमची खोली २४. मागची ३७.

७ मे

संजनाला रजई लागते. घामोळं गेलं. अंग थंड आहे, आणि हसत नाही. डॉक्टरांकडे नेलं. थर्मामीटर पाच मिनिटं ठेवला तरी पारा ९५ च्या वर सरकेना. अशक्तपणा आहे, असं म्हणाले. औषध दिलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळलंय आणि माझ्या खांद्यावर पोरीचे दात वाजत होते.

आल्यावर ताईंना सगळं सांगितलं. दिवे आल्यावर मी काय केलं तेही. वाटलं होतं हाकलून देतील. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहितो. रुचिराला एकशे पाच ताप होता. ताईंनी आपल्याच मनाने मशीन गारव्यावर लावलं, सोळावर, दारंखिडक्या घट्ट लावून. ताप उतरेल म्हणून. मुलगी दोन दिवस सांगत होती की आई, थंडी वाजते, बंद कर. ताईंना वाटलं, ती तापात बरळते आहे. दुसऱ्या दुपारी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कपाळाला हात लावून पाहिला, तर ताप उतरलेला. त्यांनी देवाला हात जोडले, पोरीला पांघरूण नीट केलं आणि झोपू दे म्हणून पाच वाजेपर्यंत उठवलं नाही.

त्यानंतर आजपर्यंत त्या खोलीत ऊब आहे. दोन वर्षं त्या रोज तिथे हात पसरून बसतात. ती एकदाही त्यांच्याजवळ आली नाही. आणि आमच्या संजनाजवळ आली, हे सांगताना त्या रडल्या. माझ्या पोरीच्या काळजीने नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही.

८ मे

चारही खोल्या उबेवर, तीस. उपयोग नाही. मागच्या खोलीत रुचिराला परत बोलवायला ताई सकाळपासून हाका मारतात. ती कशाला जाईल? मशीनच्या वाऱ्यापेक्षा जिवंत अंगाची ऊब बरी, हे तिला आता कळलंय.

संजनाचा पारा ९४.

९ मे

संजनाला घेऊन निघालो. ट्रंक नाही, काही नाही. ताई फाटकापर्यंत मागे आल्या, एक दिवस थांबा म्हणत होत्या, संजनाच्या तोंडून रुचिराचं काही कळतंय का बघू द्या म्हणत होत्या. मी हात सोडवून घेतला. एसटी स्टँडवर करंजाला जायला उरणच्या गाडीत बसलो. भर दुपार, खचाखच गाडी, आणि आमच्या बाकावर तिसरं कोणी बसेना. बसायला येत, आणि अंगावर काटा येऊन उठत. संजना खिडकीकडे सरकली. म्हणाली, बाबा, ताईला पण जागा द्या ना.

उतरलो. करंजाला बहिणीची तीन लहान पोरं आहेत. हे तिथे कसं नेऊ. परत बंगल्यावर आलो.

१० मे

९३. जेवत नाही. ओठ निळे. तिला छातीशी धरून बसतो तेव्हा मधे काहीतरी असतं. लहान. हाडं टोचतात. ते रडतं, आवाज न करता. मी त्याला झटकायला हात उचलला आणि — उचललेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केस ओले गार. तेही कोणाचं तरी लेकरू आहे.

११ मे, सकाळ

गोदूबाई आली. तिला सगळं सांगून दाराशी बसवलं.

मागच्या खोलीत पलंगावर संजनाला घेऊन झोपलो, आणि त्या मधल्या पोरीशी बोललो. म्हटलं, रुचिरा, बाळ, हिचं अंग लहान आहे. दोन दिवसांत संपेल, मग तू पुन्हा गारठशील. मी मोठा आहे. चौदा वर्षं बर्फात काढली आहेत. माझ्याकडे ये. मी मशीन लावणार नाही, उठून जाणार नाही, डोळा लागू देणार नाही.

 मग पाठीला गार पाय लागले.

गोदूबाईने संजनाला उचललं. तिच्या गालांवर तिथल्या तिथे रंग आला. पोर बाबा, बाबा करत होती. मी तोंड फिरवलं नाही. फिरवलं असतं तर उठलो असतो, आणि मी उठलो तर ही पुन्हा तिच्या मागे जाईल. गोदूबाईला म्हटलं, करंजाला बहिणीकडे ने, आणि इकडे आणू नको. कधीच नाही. ती म्हणाली, नाय आणत, दादा.

दुपारी — मी ९५.

१२ मे

गोदूबाईचा निरोप आला. संजनाने मासा-भात मागून घेतला. घामाने भिजून झोपली.

बस्स. आता काही नको.

मी ९३. हात नीट — अक्षर वाकडं येतंय.

ती आता बोलते. मला काका म्हणते. दप्तरात तिची चित्रकलेची वही आहे, ती दाखवायची आहे म्हणते.

१३ मे

९१ असेल. पारा दिसत नाही. मशीन चालू आहे की — विचारायला कोणी —

ताई दारात. दोन दिवस तिथेच. आत यायला धजत नाहीत. काशिरामऐवजी मला घे, असं रुचिराला म्हणाल्या. ती माझ्यामागे लपली.

ताईंनी मला एकच विचारायला सांगितलंय. अजून रागावली आहे का.

विचारलं.

तिचे पाय आता गार नाहीत. माझ्या — कळत नाही माझे कुठे —

म्हणाली, काका, आईला सांगा, मला आता थंडी