नव्याला म्हणायचे शब्द

प्रिय आये,

आपण दोघी मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो, आठवतं? बेळगावचं सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधलं शिक्षण संपवून मी घरी आले होते आणि आता पुण्याला विद्यापीठात टेलिव्हिजनचे कार्यक्रम करायला शिकणार, असं तुला सांगत होते. आपल्या गावात तेव्हा वीजसुद्धा नव्हती.

"त्यात तू दिसणार काय गं शालू?"

"न्हाई आये, मी कॅमेऱ्याच्या मागं उभी राहणार."

"मागं उभं ऱ्हायाला पुण्याला कशाला? हितं गोठ्यात उभी ऱ्हा की!"

किती हसलो! मग आठळ्या उकडल्या, मीठ लावून खाल्ल्या. बस, एवढंच.

तू गेलीस, त्यानंतर अख्खा पावसाळा उलटला. मी अजून रडलेले नाही. हे दुसऱ्या कुणाला कसं सांगू? सकाळी उठते, दूध तापवते, दारावरच्या भाजीवाल्याशी भाव करते. कुणी म्हणतं, शालन किती धीराची! धीर कसला? आत काही हलतच नाही, एवढंच. तुला लिहायचंही सुचलं नसतं. पण बाळूचा फोन आला.

"अक्का, कणसं तयार हायत. यंदा सण करायचा न्हाई, पण नवं तर घरात आणायला पायजे. भात काय थांबतंय? आये उंबऱ्यावर काय म्हणायची गं?"

"मला काय ठाऊक?"

"एवढी शिकलीस, आनि हे ठाऊक न्हाई?"

"सुमनला विचार."

तुझ्या सुनेनं फोन घेतला. "वन्स, मी आत चुलीपाशी. आत्या तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. मला कधी ऐकूच आलं न्हाई. नुसतं पानी वतलं तर चालंल काय?"

आये, असं कसं केलंस? आजीनं नव्याच्या पाण्याचा तांब्या तुझ्या हाती दिला, त्या वर्षी ते शब्द तुझ्या कानात सांगितले होते म्हणायचीस. मग तू सुमनच्या कानात कधी सांगणार होतीस? शेवटच्या वर्षी भिंत धरून चालत होतीस, तरी तांब्या सोडला नाहीस. रागावले नाही गं. नुसतं विचारते.

फोन ठेवल्यावर मला एकदम तुझ्या पदरातली ती वायर आठवली.

पुण्याच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कार्यक्रम करायचा होता. सगळ्यांनी शहरातले विषय घेतले, मी आपल्याकडचा नव्याचा सण घेतला. रामनगरहून जीप करून आम्ही तिघं आलो होतो. कॅमेऱ्याला देसाई, आवाजाला मर्सी, आणि दिग्दर्शक म्हणून मी. तू जीपमधून उतरणाऱ्या पेट्या मोजून म्हणालीस, "लग्नाचं वऱ्हाड तरी एवढं सामान आणत न्हाई!" मर्सीनं तुझ्या पदराआड छोटा माईक लावला, तर म्हणालीस, "मला दावं कशाला बांधतेस गो? मी काय म्हस हाय पळून जायाला?"

बाळू शेतातून कणसांची पेंढी डोक्यावर घेऊन आला. तू उंबऱ्याच्या आत, तांब्या घेऊन. आम्ही बाहेर अंगणात. आत काळोख, म्हणून देसाईनं बॅटरीवरचा दिवा लावला होता. तू बाळूच्या पायांवर पाणी घातलंस, पेंढीला कुंकू लावलंस, ओठ हलले, आणि नेमका तेवढ्यात दिवा गेला!

"कट! काकू, परत एकदा. बाळूला बाहेर जाऊ दे, परत येऊ दे."

"परत?" तू म्हणालीस. "आत आलं की ते, पोरा. आता काय उंबऱ्याभायेर ढकलू? नवं एकदाच येतंय."

"नुसतं दाखवायला, आये," मी म्हटलं.

"दाखवायला भाकरी भाजते, दळते, मागशील तर नाचते बी. पन हे न्हाई."

आणि खरोखर दुपारभर देसाई सांगेल तसं तू दळलंस, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. आम्हाला जेवायला वाढताना म्हणालीस, "कट! परत एकदा!" आणि देसाईच्या पानात आणखी भात लोटलास. पुढं मी माहेरी आले की तेच, कट, परत एकदा, आणि ताटात वाढतच जायचीस.

पुण्याला एडिटिंगला बसलो, तेव्हा तो काळा तुकडा बाजूला काढला. चित्र नाही, मग आवाज कोण ऐकतो? सर म्हणाले, "काळ्या पडद्याला टेलिव्हिजन म्हणत नाहीत." कार्यक्रमात तुझं दळण आलं, वाढणं आलं, अंगणातली कोंबडीही आली. उंबरा नाही आला.

कॅसेटा तेव्हा महाग, पुसून पुन्हा वापरायच्या. पण देसाईनं ती एक कॅसेट विकत घेऊन स्वतःजवळ ठेवली होती. आता तोही निवृत्त झालाय. फोनवर म्हणाला, "माझ्या दिव्यानं घात केला, म्हणून ती पुसवली नाही गं." कुठलं तरी जुनं यंत्र शोधून त्यानं तिची सीडी करून पाठवली. काल आली.

मी लावली. पाणी, कुंकू. आणि पडदा काळा. मग तू, अगदी कानाशी:

"ये बाई, आत ये. पावसात भिजलीस, उन्हात वाळलीस, आता बस. घरात जेवढी मानसं तेवढी ताटं ऱ्हाऊ देत."

मी कागदावर उतरून घ्यायला पेन उचललं. तर तू थांबली नव्हतीस. श्वास घेऊन आणखी हळू म्हणालीस:

"आनि माझी शालू भायेरच उभी हाय. तिला बी आत घे."

मग देसाईचा "कट".

मी यंत्र बंद केलं. दूध उतू गेलं होतं, ते पुसलं. रडू तेव्हाही आलं नाही, आये. पण पुसता पुसता ओटा संपला तरी हात थांबेनात.

तू गेलीस त्या दिवशी मी पोचले, तेव्हा तुला अंगणात आणलेलं होतं. नंतरचे सगळे दिवस मी पडवीतच काढले. कुणी ये म्हटलं नाही म्हणून नव्हे. ये म्हणणारी तूच होतीस ना!

आता वाटणी सांगते, बघ पटते का.

तांब्या सुमनचा. त्याला पडलेला पोचा काढायचा नाही, तसाच राहू दे. शब्दही तिचेच, ते मी फोनवर सांगणार नाही, तिच्या कानात सांगेन, आजीनं तुला सांगितले तसे. तुझं हिरवं इरकल बाळूच्या मुलीला, ती मागत होती. माळ्यावरचं कोनाच्या कंदांचं बियाणं शेजारच्या गंगूअक्काला, तिच्या हाताला कोनं येतात. देसाईला नव्या तांदळाची पिशवी, तुझ्याकडून, आणि वर दोन मुठी जास्त: परत एकदा. सीडी बाळूच्या घरात राहील.

शेवटचं एक वाक्य कुणालाही देणार नाही. ते माझं.

परवाच्या गाडीनं निघते. बाळू पेंढी घेऊन येईल तेव्हा मी अंगणात उभी राहणार नाही, हा शब्द देते. त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत येईन. एकदाच.

तुझी,
शालू