गैरहजर माणसाचा ठराव

३ ऑगस्ट
अकरावीला देशाची घटना कशी घडली ते शिकवायला घेतलं. नुसती सनावळी सांगितली की पोरं जांभया देतात, म्हणून म्हटलं — आधी वर्गाची घटना लिहा. मसुदा, चर्चा, दुरुस्त्या, मतदान. सगळं रीतसर! पहिलंच कलम आलं : शनिवारचा शेवटचा तास रद्द.

५ ऑगस्ट
दादाचा फोन. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत, आता तो त्यांना कायमचं त्याच्याकडे नेणार. "तूही दमलीस गं." मी बरं म्हटलं. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते.

६ ऑगस्ट
वर्गातली सर्वांत उंच मुलगी — सगळे तिला शिडी म्हणतात. तिच्यामुळे फळा दिसत नाही म्हणे. तिला शेवटच्या बाकावर बसवायचा ठराव एकमताने मंजूर! मी टाळ्या वाजवल्या. ती आज आलीच नव्हती.

७ ऑगस्ट
शिडी मुकाट्याने मागे जाऊन बसली. प्रश्न विचारला तर पुन्हा पुन्हा "काय, बाई?" शेवटी म्हणाली, "मला एका कानाने ऐकू येत नाही. म्हणून पुढे बसायचे."
माझं तोंड एवढंसं झालं. घटना शिकवणारी मी, आणि टाळ्या वाजवणारीही मीच!
कालचा ठराव मांडणाऱ्या मुलानेच नवं कलम सुचवलं : ज्याच्याविषयी ठराव, तो समोर असल्याशिवाय मतदान नाही. मग मी सांगितलं, देशाची घटना लिहितानाही हाच पेच होता — सभागृहात नसलेल्यांच्या वतीने कोण बोलणार? एकानेही जांभई दिली नाही.
घरी येताना लक्षात आलं : बाबांना आम्ही कुठे विचारलंय?

८ ऑगस्ट
विचारायला गेले आणि चहा देऊन परत आले. खरं सांगायचं तर ते "जातो" म्हणतील याचीच भीती वाटते. दमते मी, चिडतेही. पण शाळेतून आल्यावर "आज पोरांनी काय दिवे लावले?" असं कोण विचारणार?

९ ऑगस्ट
विचारलं. बाबा हसले. ठराव त्यांचाच निघाला! त्यांनीच दादाला गळ घातली होती — पोरगी माझ्यापायी अडकून पडलीय, तिला मोकळी कर.
"आणि मला कुणी विचारलं?" भांडायलाच उठले, तर रडू फुटलं.
त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "चुकलं. बस. सांग."