कमलाचं कपाळ

जबलपूर, शुक्रवार संध्याकाळ

परदेशातून मानवाधिकाराचा पुरस्कार मिळाला म्हणून आज महिला मंडळाने माझा सत्कार केला, हळदीकुंकवातच. शाल, श्रीफळ, भाषण. अध्यक्ष सुमनकाकू म्हणाल्या, "ताईंनी माणसामाणसातला भेद मिटवला!" मिटवला, कपाळ!

मी कमलाला सोबत नेलं होतं. तिचा नवरा भेडाघाटला दगड कोरता कोरता छातीत धूळ बसून गेला. त्या कारागिरांसाठी मी लढलेल्या खटल्यात तिने कोर्टात साक्ष दिली नसती तर कसला पुरस्कार अन् कसलं काय. काकू चांदीचा करंडा घेऊन ओळीने आल्या. मला कुंकू लावलं. पाहुण्यांना टिळा लावून राहिले असं वाटून कमलाने कपाळ पुढे केलं. काकूंनी करंडा तिला टाळून पुढे नेला.

मी तेव्हाच काहून नाही उठली? माणसाच्या हक्कांवर बोलायचं होतं ना मला! बोलली. टाळ्याही घेतल्या.

परतताना ऑटोत कमलाने हळूच विचारलं, "दीदी, उनका कुमकुम खतम हो गया था क्या?"

मी "हाँ" म्हणाली.

करंडा काठोकाठ भरलेला होता.