वाकड्या मानेचा टिकी

तुझा पेला पोचला. टिकीचं, म्हणजे पूर्वजाच्या मूर्तीचं, तोंड असलेला, चिनीमातीचा, ‘जुना, दुर्मिळ’ अशी चिठ्ठी लावलेला. आपण माओरी उशीवरसुद्धा बसत नाही, पवित्र डोकं टेकायची जागा म्हणून; आणि तू पूर्वजाचं डोकं पोखरून त्यात दारू ओतायचं भांडं पाठवतेस! वर लिहितेस, ‘बाबांच्या कबरीपाशी ठेव.’ नाही ठेवला. खोक्यात घातलाय, येशील तेव्हा घेऊन जा.

प्रिय हिनेराऊ, आता विचारते, बरी आहेस ना? इथे रोटोरुआत सगळं आहे तसंच आहे. कुंडातून वाफ येते. मी जेवते, झोपते.

कुंडांपाशी माझं दुकान होतं तेव्हा प्लास्टिकचे हिरवे टिकी पोत्याने यायचे. विमानात तर पोरांना फुकट वाटायचे. तुझा बाप होरोमोना लहानपणी तसाच एक गळ्यात घालून हिंडायचा. तुझे आजोबा म्हणायचे, “देव आहे की गोळी रे, चघळू नकोस!” पाहुणे विचारायचे, खरा कसा ओळखायचा? मी म्हणायची, गालाला लावा. दगड आधी गार लागतो, मग तुमची ऊब घेतो आणि धरून ठेवतो. प्लास्टिक ना गार, ना ऊन. सध्या माझंही तसंच आहे.

आपला खरा, हिरव्या दगडाचा, वाकड्या मानेचा, पणजीच्या पणजीपासूनचा, तू ब्रिस्बेनला निघालीस तेव्हा बापाने स्वतःच्या गळ्यातून काढून तुला घातला. मग त्याने तो लहानपणचा प्लास्टिकचा शोधून काढला आणि मरेपर्यंत घातला. मान उघडी वाटते म्हणाला.

तो गेला तेव्हा तू आली नाहीस. शवपेटीवर ठेवायला खरा टिकी नव्हता, म्हणून मी तो प्लास्टिकचाच ठेवला. सगळ्यांदेखत तुझ्या बापाची आत्या टेपोरा म्हणाली, “अगं वहिनी, खेळणं काय मांडलंस?” मी म्हटलं, “तुझ्या गळ्यातला तरी कुठे आपल्या नदीतल्या दगडाचा आहे? परदेशी यंत्राने कापलेला. ह्याला निदान माझ्या पोराचा घाम लागलाय.” पेटी खाली सोडण्याआधी, खरा उचलतात तसाच मी तो उचलून घेतला. उशाशी आहे.

ईस्टरच्या शनिवारी त्याच्या थडग्यावरचं कापड काढायचंय. वर्ष झालं की आपल्यात ते काढतात. टेपोरा सांगत फिरते, पोरीने टिकी विकला, म्हणून तोंड दाखवत नाही. मी विचारणार नाही. असला तर गळ्यात घालून ये. विकला असलास तर रिकामी मान घेऊन ये. कापड मुलीने ओढायचं असतं, गळ्यातल्या दगडाने नाही. तू येईपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही.

तुझीच,
मेरेआना आजी

उत्तर तू स्वतः द्यायचं. तुझ्या नवऱ्याच्या अक्षरातलं आलं तर पाकीट फोडणार नाही.