खिशातला पंप आणि बिनबाहीचा कोट

दाजी,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. खरोखर वाकलो की पोटावरची नळी ओढली जाते, म्हणून हल्ली मी थोरामोठ्यांना उभ्यानेच मान देतो. भाचीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. कोटाचं कापड पोचलं. कापड उत्तम आहे, निवडणाराला (म्हणजे ताईला) माझी शाबासकी कळवा. जुन्या मापावर शिवून कुरिअरने पाठवून दे, असं तुम्ही लिहिलंत, त्यावर शेवटी येतो. स्वतःची प्रकृती 'ठणठणीत' असल्याचंही लिहिलंत. इकडे ताई फोनवर सांगते, की तुम्ही हल्ली घरातसुद्धा मोजे घालून बसता, न्हाणीघरात गेल्यावर आतून कडी लावून ते काढता, आणि तिने पायाचा विषय काढला की वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरता. दाजी, साखर तुम्हालाही आहे आणि मलाही आहे. साखरवाल्या माणसाने मोज्यात कसली जखम लपवलेली असते ते मला कोणी शिकवायला नको. तेव्हा हे मोजे मी सोडणार नाही. पण आधी माझं ऐका. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि फिरलेल्या डोक्याने कापडाला कात्री लावायची नाही असा माझा नियम आहे, म्हणून कात्री बाजूला ठेवून पेन घेतलं आहे.

पंप मी हौसेने लावून घेतला नाही. इतकी वर्षं सुया टोचत आलो, कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या हिवाळ्यात कापायच्या टेबलाशी उभा असताना साखर अशी खाली गेली, की मी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. दोन्ही डाव्या! (कापड परदेशी होतं आणि वकील भांडखोर होता.) ज्या माणसाने कोणा उस्तादाच्या हाताखाली न बसता, नुसते जुने कोट उसवून उसवून ही विद्या मिळवली, त्याच्या हातून हे व्हावं? त्या दिवशी ठरवलं, की साखरेला आता मोकळं सोडायचं नाही. पंप म्हणजे खिशात मावेल एवढी डबी. तिच्यातून केसासारखी नळी निघते, ती पोटावर चिकटवलेल्या टिकलीतून कातडीखाली जाते, आणि डबीतली मोटर दिवसभर थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहते. सोबत आलेलं जाडजूड पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं. शिवाय डबीसाठी माझ्या कामाच्या जाकिटात स्वतः आखून खिसा केला, दुहेरी अस्तराचा, पाव इंच सैल, नळीला बाहेर पडायला काज ठेवून. जागाही विचार करून निवडली, डाव्या पल्ल्याच्या आत. (बाहेरून त्याच जागी माझा टाचण्यांचा लोहचुंबक शिवलेला आहे, लाउडस्पीकरमधून काढलेला, चांगला बशीएवढा. टाचणी नुसती जवळ नेली की चिकटते, इतर शिंप्यांसारखी दातांत धरावी लागत नाही.) खिसा इतका बेमालूम झाला, की पंप घालून आलो हे बायकोलाही कळलं नाही.

आणि मग सुरू झाली दशा. दुकान उघडून जरा काम लागलं की पंप कोकलायचा. मोटर बंद पडली म्हणायचा. मी डबी काढायची, चालू करायची, परत खिशात घालायची, की थोड्या वेळाने पुन्हा तेच. बँकेच्या मॅनेजरच्या छातीला टेप गुंडाळलेली असताना माझ्या जाकिटातून अशी किंकाळी निघाली, की त्या गृहस्थाने दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटून घेतले. (हात वर गेल्यामुळे माप चुकलं ते वेगळंच.) दुपारपर्यंत साखर छताला लागलेली, जीभ कोरडी, डोळ्यांपुढे सुईचं नेढं दोन-दोन. कंपनीच्या माणसाने डबी नेली, त्याच्या टेबलावर चालवून पाहिली, आणि 'एकदम ओके' म्हणून परत दिली. फोनवरच्या मुलीने भाराभर निरर्थक प्रश्न विचारले, ते सोडा.

आता डॉक्टरांकडे येतो, आणि इथे माझी शाई तापते. पहिले डॉक्टर, त्यांना मी 'मान-खाली' म्हणतो. त्यांचा चेहरा कसा आहे हे मला आजही सांगता येणार नाही, भांग मात्र मी कुठेही ओळखेन. मी बोलत होतो आणि ते कॉम्प्युटरला विचारत होते. शेवटी कॉम्प्युटरकडे बघूनच म्हणाले, "वय झालं की होतं असं." अहो, माझं वय झालं, पंपाचं कुठे झालं? तो तर कालपरवा खोक्यातून निघाला!

दुसरे मोठ्या हॉस्पिटलातले. हे सरन्यायाधीश. दारातून आत आलो तेव्हाच निकाल लागलेला होता, मला फक्त शिक्षा ऐकायला बोलावलं होतं. माझ्या साखरेचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "दुकान बंद असतं त्या दिवशी साखर छान, दुकान उघडलं की वर. म्हणजे दुकानात खाता." मी म्हटलं, नाही खात. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." मी म्हटलं, सगळ्यांचं मला माहीत नाही, मी माझं सांगतोय. तर हातातल्या पेनाने दाराकडे दाखवून म्हणाले, "पंप खोटं बोलणाऱ्या पेशंटसाठी नसतो. पुढच्या तपासणीत असंच दिसलं तर काढून टाकू, परत सुया घ्या." बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या रांगेने हे ऐकलं. दाजी, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक सांगतं, कोट काखेत टोचतो. तेव्हा मी त्याला 'तुमची काख खोटं बोलते' असं म्हणतो का? मी काख उघडून बघतो! टाका बघतो, अस्तर बघतो, सापडलं नाही तर सगळी शिवण उसवतो. पंप गेला की पुन्हा सुया, सुयांनी पुन्हा खाली-वर, म्हणजे पुन्हा दोन डाव्या बाह्या, म्हणजे माझ्या दुकानाला कुलूप. एवढं सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं, आणि त्यांचा चहा निवत होता म्हणून ते घाईत होते.

घरी आलो तर आमच्या हिने सरन्यायाधीशांचा निकाल कायम केला. दुकानाशेजारी बेकरी आहे, हा माझा गुन्हा. ही मला न सांगता बेकरीवाल्याला विचारून आली. तो म्हणाला, "वहिनी, खाणं लांब राहिलं, इतक्या वर्षांत साधं ढुंकूनही बघितलं नाही तुमच्या मालकांनी. आमच्या मालात काही कमी आहे का?" आता तो माझ्यावर रुसला आहे. या साक्षीनेही माझा निर्दोषपणा सिद्ध झाला नाही, उलट शेजारी तुटला.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई. दवाखाना सायकलच्या दुकानावर, जिना अरुंद, खुर्च्यांचे पाय विजोड. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. वाक्यं पाठ करून नेली होती, चांगली धारदार. सगळं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "का होतंय ते मला माहीत नाही." दाजी, एका डॉक्टरच्या तोंडून हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माझी सगळी वाक्यं फुकट गेली. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय करता? कुलूप काढल्यापासून सांगा." मी सांगायला लागलो. कापड कसं भिजवतो, इस्त्री कशी फिरवतो, खडू कुठे ठेवतो. त्या मध्ये तोडेनात. शेवटी म्हणाल्या, "उद्या कामाच्या कपड्यांत या. दुकानात असता अगदी तस्से." दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप, कानावर खडू, अंगात जाकीट अशा अवतारात भर रस्त्यातून गेलो. (बेकरीवाला बघून हसला. निदान हसला.) बाई नळी बघायला केसपेपर हातात घेऊनच जवळ वाकल्या, आणि त्या कागदाची क्लिप उडाली आणि टप्पकन माझ्या छातीला चिकटली.

बाईंनी क्लिप ओढून काढत विचारलं, "हे काय आहे?"

"लोहचुंबक. टाचण्यांसाठी."

"आणि याच्या मागे?"

मागे पंप होता. पंपाच्या मोटरला लोहचुंबकाचं वावडं असतं. सुट्टीच्या दिवशी जाकीट खुंटीला, म्हणून साखर छान. कंपनीच्या टेबलावरही जाकीट नव्हतं. मला राग कोणावर काढावा हेच कळेना, म्हणून तिथल्या तिथे कात्री काढून तो लोहचुंबक उसवला आणि त्यांच्या खिडकीच्या गजाला चिकटवला. तो अजून तिथेच आहे. मी म्हटलं, बाई, पुस्तक तर मी वाचलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुस्तकाला तुमचं जाकीट कुठे ठाऊक होतं?" मग स्वतः कंपनीला फोन करून डबी बदलून घेतली. लोहचुंबकाशी इतका सहवास झालेल्या मोटरवर भरवसा नको, म्हणाल्या. तेव्हापासून पंप गप्प आहे आणि बाह्या एक डावी, एक उजवी निघताहेत. खरं तर मी खूश व्हायला हवं, पण मी जास्तच चिडलो आहे. एवढंच तर होतं! बाकीच्या दोघांपैकी एकाने कॉम्प्युटर पाहिला, एकाने आकडे पाहिले, जाकीट कोणी पाहिलं नाही.

आता तुम्ही. सगळ्या वेटिंग रूमसमोर 'मास्तर, मुलांना शिस्त लावलीत, जिभेला लावता आली नाही' असं तुम्हाला म्हणणारा तो डॉक्टर मला माहीत आहे. तेव्हापासून तुम्ही दवाखान्याची पायरी चढला नाहीत. तुमचा राग रास्त आहे, मी त्यावर सही करायला तयार आहे. पण दाजी, त्या रागाने त्याचं काय वाकडं झालं? त्याला तुमची आठवणसुद्धा नसेल. तो मजेत दोन्ही पायांवर हिंडतो आहे. मोजे तुम्ही घालून बसला आहात.

रागावू नका असं लिहिणार नाही. रागवा, पण येऊन रागवा.

तुमचा मेहुणा

ता. क. आमच्या हिने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, फोनवरच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'जवळपास लोहचुंबक वगैरे आहे का?' आणि मी उत्तर दिलं, 'मी शिंपी आहे, भंगारवाला नाही.' पुस्तकातही ते पान आहे. त्यावर हॉस्पिटलातल्या अजस्र यंत्राचं चित्र होतं, म्हणून आपल्या कामाचं नाही असं समजून मी उलटलं होतं. हा मजकूर ताईला वाचून दाखवू नये.

आणखी ता. क. पत्र लिहून डोकं निवलं, मग कापडाला कात्री लावली. कोट तयार आहे, फक्त उजवी बाही लावलेली नाही. तुमचं जुनं माप आता खोटं आहे. तुम्ही बारीक झाला आहात, हेही ताईनेच सांगितलं. बिनट्रायलचा कोट माझ्या दुकानातून बाहेर जात नाही आणि बिनबाहीच्या कोटात मुलीचं लग्न लावता येत नाही, तेव्हा तुम्हाला यावंच लागेल. येत्या गुरुवारी या. दुपारी ट्रायल, त्याआधी सकाळी सायकलच्या दुकानावरचा जिना. नंबर लावून ठेवला आहे. बाईंना तुमच्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी विचारलं, 'दिवसभर काय करतात ते?' मी म्हटलं, रिटायर आहेत. त्या म्हणाल्या, 'ते झालं, पण करतात काय?' इतकी वर्षं तुम्हाला दाजी म्हणतो आहे आणि मला सांगता आलं नाही. ते तुम्हीच येऊन सांगा.

शेवटचं. मोजे घालूनच या, मी काही म्हणणार नाही. बाई काढायला सांगतील तेव्हा मी खिडकीतला माझा लोहचुंबक बघत उभा राहीन.